प्रकल्प नोंदी: महाविद्यालयाच्या मुख्य राउटरला जोडीदार, दुहेरी वीज आणि राखीव साठा

१२ एप्रिल २०२५, शनिवार. आहे ते काय आहे

सर्व्हर खोलीतला मुख्य राउटर मायक्रोटिक सीसीआर२११६-१२जी-४एस+ आहे. १६ कोर, १६ जीबी मेमरी, मात्र आतली नँड (कायमची साठवण चिप) फक्त १२८ एमबी. तसाच दुसरा राउटर कपाटात खोक्यात ठेवलेला. त्याला सगळे 'स्पेअर' म्हणतात, पण त्यावर जुनं राउटरओएस (राउटर चालवणारी मायक्रोटिकची प्रणाली) आहे आणि कॉन्फिगरेशन रिकामं आहे. मुख्य राउटर गेला तर खोकं उघडण्यापासून सुरुवात, म्हणजे अर्धा दिवस इंटरनेट बंद. यापुढे चालू राउटर 'अ' आणि खोक्यातला 'ब'.

आज फक्त पाहणी केली. जे जे दुहेरी आहे ते खरंच वेगळं आहे का, एवढाच प्रश्न ठेवला:

- 'अ'ला वीजपुरवठ्याचे दोन सॉकेट आहेत, दोन्हीत केबल आहे. पण दोन्ही केबल एकाच पॉवर पट्टीत आणि ती पट्टी एकाच ३ केव्हीए यूपीएसवर.
- बॅकअप फाइल्स आहेत, पण राउटरच्या नँडमध्येच. बाहेर एकही प्रत नाही.
- लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेल्या इंटरनेट जोडण्या) दोन, कंपन्याही दोन. फायबर मात्र दोन्हींचे उत्तरेच्या भिंतीलगतच्या एकाच पाइपातून आत येतात.
- लॉग नँडवर लिहिले जात आहेत.

चारही ठिकाणी दुसरी गोष्ट पहिलीच्याच आधारावर उभी आहे. पहिले दोन आणि चौथा मुद्दा या प्रकल्पात सुटेल. पाइपासाठी खोदकाम लागेल, त्याचा अर्ज आजच दिला.

१९ एप्रिल. वीज

दुसरा ३ केव्हीए यूपीएस बसवला. यूपीएस १ आर फेजवर आणि यूपीएस २ वाय फेजवर (थ्री-फेज विजेच्या दोन वेगळ्या तारा), दोघांना वेगवेगळे एमसीबी (आपोआप तुटणारे स्विच). रॅकमध्ये दोन पॉवर पट्ट्या: डावीला लाल टेप, उजवीला निळी. प्रत्येक राउटरची एक केबल लालमध्ये, एक निळ्यात. स्विचना मात्र एकच वीज सॉकेट आहे. म्हणून स्विच १ लालवर आणि स्विच २ निळ्यावर.

फेज वेगळे केले तरी न्यूट्रल (परतीची तार) एकच राहतो, हे विसरता येत नाही. मुख्य न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर भाराच्या असमतोलाप्रमाणे एखाद्या फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ जाणारा दाब येऊ शकतो, आणि तेव्हा दोन्ही यूपीएस एकाच वेळी धोक्यात. पॅनलमधले न्यूट्रलचे स्क्रू वायरमनकडून पुन्हा आवळून घेतले, वितरण पेटीत जास्त दाबाला तोडणारा रिले बसवला. न्यूट्रल ते अर्थ १.४ व्होल्ट मिळाले, ठीक आहे. अर्थ पिटचा रोधही आजच मोजला. जमीन कोरडी असताना जो आकडा येतो तोच खरा, पावसानंतर ओल्या मातीत खराब पिटही चांगला दिसतो.

चाचणी: लाल पट्टीचा मुख्य स्विच बंद केला. राउटर चालू राहिला, हेल्थ मेनूत 'पीएसयू१ स्टेट' (पहिल्या वीजपुरवठ्याची स्थिती) लगेच 'फेल' दिसलं. कुणी तो मेनू उघडला नाही तर मात्र एक पुरवठा मेल्याचं महिनोन्महिने कळणार नाही, कारण इंटरनेट तर व्यवस्थित चालू असतं. म्हणून दर ५ मिनिटांनी दोन्ही पीएसयूंची स्थिती वाचणारी आणि 'ओके' नसेल तर मेल पाठवणारी स्क्रिप्ट शेड्युलरला लावली.

२६ एप्रिल. नँडवरचं लिखाण थांबवणं

नँडला लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्यांची मर्यादा असते. सिस्टम रिसोर्समध्ये तीन आकडे बघायचे: 'राइट-सेक्ट-सिन्स-रिबूट', 'राइट-सेक्ट-टोटल' आणि 'बॅड-ब्लॉक्स'. 'अ'वर बॅड ब्लॉक अजून ० टक्के, पण लिखाणाचा आकडा दर तासाला वाढताना दिसत होता. दोन कारणं सापडली. फायरवॉलच्या प्रत्येक ड्रॉपचा (अडवलेल्या पॅकेटचा) लॉग डिस्कवर जात होता. आणि डीएचसीपीच्या लीज (कोणत्या यंत्राला कोणता पत्ता ठरावीक काळासाठी दिला त्या नोंदी) दर ५ मिनिटांनी डिस्कवर जात होत्या, जी मुळातली सेटिंग आहे. वसतिगृह आणि वाचनालय मिळून फोनची ये-जा मोठी, त्यामुळे दर वेळी लिहायला काहीतरी असतंच. 'स्टोअर-लीजेस-डिस्क' १ तास केलं. वीज अचानक गेली तर शेवटच्या तासातल्या लीज विसरल्या जातील, ते इथे चालतं.

लॉगसाठी आणि बॅकअपसाठी एम.२ खोबणीत एसएसडी घालायची होती. पहिली आलेली एसएसडी डिस्क मेनूत दिसलीच नाही. ती साटा (एसएसडी जोडण्याची जुनी पद्धत) प्रकारची निघाली. दोन खाचांची साटा एसएसडी एम.२ खोबणीत यांत्रिकदृष्ट्या बसते, पण या राउटरच्या खोबणीत फक्त पीसीआय एक्सप्रेसच्या तारा आहेत. खरेदीच्या कागदावर 'एम.२ एसएसडी' एवढंच लिहिलं होतं. यापुढे 'एनव्हीएमई' (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) हा शब्द आणि कार्डाची लांबी दोन्ही लिहायची. बदलून आणलेली २५६ जीबीची लगेच दिसली. राउटर बंद करून, दोन्ही केबल काढून बसवली, ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केली.

लॉगची डिस्क-कृती एनव्हीएमईच्या फोल्डरकडे वळवली. मुळात १००० ओळींच्या २ फाइल्सच ठेवल्या जातात, म्हणजे गडबडीच्या दिवशी तासाभरापूर्वीचंही हाती लागत नाही. ओळी १०,००० आणि फाइल्स २० केल्या. शिवाय सगळा लॉग लिनक्स सर्व्हरवर, यूडीपी पोर्ट ५१४ ने. राउटरच मेला तर कारण शोधायला लॉग राउटरबाहेर लागतो.

१ मे. दोन पार्टिशन

सुट्टीचा दिवस, आवारात गर्दी नाही. दोन्ही राउटर राउटरओएस ७.१८.२ वर आणले. अपग्रेडनंतर राउटरबूटचं (राउटर सुरू करणाऱ्या लोडरचं) फर्मवेअर वेगळं अपग्रेड करावं लागतं आणि त्यासाठी आणखी एकदा रिबूट, ते दोन्हींवर केलं.

नँडचे दोन स्वतंत्र भाग (पार्टिशन) करण्याचा आदेश नाकारला गेला. आवृत्ती ७.१७ पासून 'डिव्हाइस-मोड'मध्ये पार्टिशनची परवानगी आधी द्यावी लागते. 'अपडेट पार्टिशन्स=यस' दिल्यावर ५ मिनिटांच्या आत राउटरचं बटण दाबावं लागतं किंवा वीज काढून परत द्यावी लागते, साधा रिबूट चालत नाही. दोन वीजकेबल असल्यामुळे दोन्ही एकदम काढाव्या लागतात, म्हणून बटणच सोपं. हे काम दूर बसून होत नाही, समोर माणूस हवा.

मग 'रीपार्टिशन २'. हा आदेश नँड पुन्हा फॉरमॅट करतो आणि चालू पार्टिशन तेवढं राखतो, म्हणून त्याआधी सगळ्या फाइल्स बाहेर काढल्या. आता प्रत्येकी साधारण ६४ एमबीचे दोन भाग. जागा बेताची आहे, मुख्य पॅकेजशिवाय काही बसवायचं नाही. 'कॉपी-टू' वापरून पहिल्याची पूर्ण प्रत दुसऱ्यात घेतली: राउटरओएस आणि कॉन्फिगरेशन दोन्ही. 'फॉलबॅक-टू' आपोआप 'नेक्स्ट' असतं, तसंच ठेवलं. दुसरं पार्टिशन 'अॅक्टिव्हेट' करून रिबूट केला, सगळं तपासलं, पुन्हा पहिल्यावर आलो.

हे कशापासून वाचवतं आणि कशापासून नाही, ते नोंदवून ठेवणं गरजेचं आहे. अपग्रेड अर्धवट राहून पहिलं पार्टिशन बूट होत नसेल तर लोडर दुसऱ्यावर जातो. राउटर नीट बूट झाला पण फायरवॉलचा नियम चुकला, तर फॉलबॅक होत नाही, कारण लोडरच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे. आणि नँडची चिपच गेली तर दोन्ही पार्टिशन एकदम जातात.

नियम ठरवला: अपग्रेडच्या आधी 'कॉपी-टू'. कॉन्फिगरेशन बदलल्यावर 'सेव्ह-कॉन्फिग-टू', पण लगेच नाही, बदल पूर्ण एक दिवस नीट चालल्यावर. बदल करताच दुसरीकडे उतरवला तर चूकही दोन प्रतींत जाते.

३ मे. नेटइन्स्टॉलची रंगीत तालीम

नेटइन्स्टॉल म्हणजे लॅपटॉपवरून केबलने राउटरओएस नव्याने चढवण्याचं साधन. तालीम 'ब'वर मुद्दाम केली. लॅपटॉपला १९२.१६८.८८.२/२४ हा पत्ता, वायफाय आणि लॅपटॉपची फायरवॉल बंद. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये एक साधा स्विच ठेवला. थेट केबल लावली तर राउटर रीसेट होताना लॅपटॉपचं पोर्ट पडतं, परत येईपर्यंत बूटपीची (जाळ्यावरून बूट होण्याची) विनंती निघून जाते. रीसेट बटण दाबून ठेवून वीज दिली, नेटइन्स्टॉलच्या यादीत राउटर दिसेपर्यंत सोडलं नाही. बटण लवकर सोडलं तर कॉन्फिगरेशन पुसलं जातं आणि राउटर नेहमीसारखा बूट होतो. पहिल्या प्रयत्नात तेच झालं.

१० मे. व्हीआरआरपी

व्हीआरआरपीने दोन राउटर एकच सामाईक पत्ता सांभाळतात: एक मास्टर, तो गेला की दुसरा, म्हणजे बॅकअप, ताबा घेतो. दोन्ही राउटर आता रॅकमध्ये. प्रत्येकाकडून १० जीचा एक डॅक (तांब्याचा तयार) केबल स्विच १ला, एक स्विच २ला, आणि त्यांवर 'अॅक्टिव्ह-बॅकअप' बाँडिंग (एक केबल चालू, दुसरी राखीव), दुवा-तपासणी एमआयआय (पोर्टचा दुवा चालू आहे का ते पाहणारी), १०० मिलिसेकंदांनी. एलएसीपी (दोन्ही केबल एकत्र वापरणं) इथे जमत नाही: हे स्विच एकमेकांशी स्टॅक केलेले, म्हणजे एकच स्विच म्हणून जोडलेले, नाहीत. लीज्ड लाइन १ स्विच १ मध्ये व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं केलेलं जाळं) ९०१ वर, लाइन २ स्विच २ मध्ये व्हीलॅन ९०२ वर, दोन्ही व्हीलॅन दोन्ही राउटरांपर्यंत.

कार्यालयाचं जाळं १०.२०.१०.०/२४: 'अ' .२, 'ब' .३, सामाईक पत्ता .१. 'अ'ची प्रायॉरिटी १५०, 'ब'ची १०० (जास्त प्रायॉरिटीचा तो मास्टर). सामाईक पत्ता व्हीआरआरपी इंटरफेसवर /३२ नेच, म्हणजे एकटा पत्ता म्हणून, द्यायचा. तिथे /२४ दिला की एकच जाळं दोन इंटरफेसवर दिसतं आणि उत्तराची पॅकेट भलत्या वाटेने निघतात.

बाहेरच्या बाजूला अडचण आली. लाइन १ला कंपनीने /२९ दिलं आहे: वापरण्यायोग्य ६ पत्ते, त्यांपैकी कंपनीचा गेटवे, 'अ', 'ब' आणि सामाईक मिळून ४ लागले. लाइन २ला /३० आहे, म्हणजे दोनच पत्ते, एक कंपनीचा आणि एक आपला. तिथे व्हीलॅन ९०२ वर दोन्ही राउटरांना आपसात बोलण्यापुरते खासगी पत्ते दिले आणि सार्वजनिक पत्ता फक्त व्हीआरआरपी इंटरफेसवर ठेवला. तो वेगळ्या जाळ्यातला असल्याने इथे /३० हाच मास्क बरोबर. जो राउटर बॅकअप आहे त्याला लाइन २ ने स्वतःहून बाहेर जाता येत नाही, अपडेटसाठी तो लाइन १ वापरतो.

चालू केल्यावर दोन्ही राउटर स्वतःला मास्टर म्हणत होते. फायरवॉलच्या इनपुट साखळीत आयपी प्रोटोकॉल ११२ ला, म्हणजे व्हीआरआरपीच्या संदेशांना, परवानगी नव्हती, त्यामुळे एकमेकांचे संदेश फायरवॉलमध्येच मरत होते. २२४.०.०.१८ कडे जाणाऱ्या प्रोटोकॉल ११२ साठी नियम वर घातला, 'ब' लगेच बॅकअपमध्ये गेला. दोन मास्टर झाले की सामाईक मॅक (हार्डवेअरचा) पत्ता स्विचवर दोन पोर्टांमध्ये सतत उड्या मारतो. स्विचच्या लॉगमध्ये तेच सगळ्यात आधी दिसतं.

सगळ्या व्हीआरआरपी इंटरफेसना 'ग्रुप-अथॉरिटी' (ज्याच्या स्थितीमागे बाकीचे जातात तो) म्हणून कार्यालयाचा व्हीआरआरपी दिला. नाही तर आतला गेटवे 'अ'वर आणि बाहेरचा 'ब'वर अशी फाळणी होऊ शकते.

११ मे. नॅट, जोडण्या, डीएचसीपी

नॅट म्हणजे आतले खासगी पत्ते बाहेर जाताना सार्वजनिक पत्त्यात बदलणं. त्यातला मास्करेड हा आपोआप पत्ता निवडणारा प्रकार काढून दोन्ही लाइनींवर 'एसआरसी-नॅट' केलं, 'टू-अॅड्रेसेस' मध्ये सामाईक सार्वजनिक पत्ता. मास्करेड इंटरफेसच्या पत्त्यावर अवलंबून असतो, राउटर बदलला की जुन्या जोडण्यांना अर्थ उरत नाही. मग 'सिंक-कनेक्शन-ट्रॅकिंग' (चालू जोडण्यांची नोंद दुसऱ्या राउटरलाही देणं) चालू केलं. त्यासाठी कनेक्शन ट्रॅकिंग चालू असावं लागतं, म्हणून ते 'ऑटो' न ठेवता 'यस' केलं, आणि दोन राउटरांमध्ये यूडीपी ८२७५ मोकळा हवा.

प्रीएम्प्शन (जास्त प्रायॉरिटीच्या राउटरने परत येताच ताबा घेणं) बंद ठेवलं. 'अ' बिघडून पुन्हा पुन्हा बूट होत असेल तर दर वेळी ताबा घेईल आणि दर वेळी सगळ्यांना झटका बसेल. ताबा परत देणं माणसाने ठरवावं.

या निर्णयाचा एक परिणाम आधी लक्षात आला नव्हता. 'अ'ची बाहेरची दोन्ही पोर्ट पडली तर स्क्रिप्टने त्याची प्रायॉरिटी कमी करायची, अशी योजना होती. पण प्रीएम्प्शन नसताना 'ब' कमी प्रायॉरिटी पाहूनही गप्प बसतो. म्हणून स्क्रिप्ट आता 'अ'चा ग्रुप-अथॉरिटी व्हीआरआरपीच बंद करते. तपासणी पोर्टच्या दुव्याची आहे, बाहेरच्या पत्त्याला पिंगची (उत्तर येतं का पाहणाऱ्या छोट्या पॅकेटची) नाही, आणि स्क्रिप्ट फक्त 'अ'वर आहे. पिंगवर आणि दोन्हीकडे ठेवली असती तर कंपनीकडे बिघाड होताच दोन्ही राउटरांनी स्वतःला बंद केलं असतं आणि आतला गेटवेही नाहीसा झाला असता.

डीएचसीपीच्या लीज दोन राउटरांत आपोआप जुळत नाहीत. पत्त्यांचा साठा अर्धा-अर्धा वाटला, दोन्हीकडे 'अथॉरिटेटिव्ह=नो', म्हणजे एक जण दुसऱ्याने दिलेल्या पत्त्याला नकार कळवत नाही. गेटवे म्हणून दोघेही .१ च सांगतात.

१७ मे. चाचण्या

१०० मिलिसेकंदांनी पिंग लावून ठेवलं. आधी 'अ'वर व्हीआरआरपी शिस्तीत बंद केला: ७ पिंग गेले. शिस्तीत सोडणारा मास्टर प्रायॉरिटी ० चा संदेश पाठवतो, मग 'ब' फक्त (२५६ वजा त्याची प्रायॉरिटी १००) भागिले २५६, म्हणजे ०.६१ सेकंद थांबतो.

नंतर 'अ'च्या दोन्ही वीजकेबल एकदम खेचल्या: ३७ पिंग गेले. इथे निरोप देणारं कुणी नाही, म्हणून १ सेकंदाचे तीन संदेश चुकेपर्यंत थांबायचं आणि वर ते ०.६१, एकूण ३.६१ सेकंद. आदेशाने केलेली चाचणी पाहून समाधान मानलं तर खऱ्या बिघाडाचा आकडा सहापट निघतो. चाचणी केबल खेचूनच करायची. संदेशांमधलं इंटरव्हल ३०० मिलिसेकंद केलं, हिशेबाने १.०८ सेकंद, पुन्हा खेचल्यावर ११ पिंग. मोठी फाइल डाउनलोड होत होती ती तुटली नाही.

स्विच १ची वीज काढली: बाँडिंग सरकलं, लाइन १ गेली, लाइन २ वर यायला सुमारे २० सेकंद. 'चेक-गेटवे=पिंग' १० सेकंदांनी एकदा पाहतो आणि दोन चुका झाल्यावर मार्ग सोडतो, त्यामुळे हे अपेक्षितच.

२४ मे. बॅकअप परत चढवून पाहणं

रोज रात्री २ वाजता दोन फाइल्स तयार होतात: सांकेतिक शब्दासह बायनरी बॅकअप, आणि 'शो-सेन्सिटिव्ह' देऊन केलेला मजकुरी एक्स्पोर्ट. आवृत्ती ७ मध्ये हा पर्याय दिला नाही तर एक्स्पोर्टमधून पासवर्ड वगळले जातात आणि ते फाइल परत चढवतानाच कळतं. दोन्ही एनव्हीएमईवर, तिथून एसएफटीपीने (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) लिनक्स सर्व्हरवर. तिथून आठवड्याला एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

'अ'ची बायनरी फाइल 'ब'वर चढवून पाहिली. काही मिनिटांत दोन्ही राउटर तुटक चालू लागले. बायनरी बॅकअप पोर्टांचे मॅक पत्तेही सोबत नेतो, त्यामुळे एकाच जाळ्यात दोन यंत्रं एकाच मॅकने, शिवाय एकाच आयपीने बोलत होती. 'ब'ची केबल काढली, इथरनेट मेनूत 'रीसेट-मॅक-अॅड्रेस' प्रत्येक पोर्टवर दिला, कॉन्फिगरेशन पुसून नव्याने भरलं. बायनरी फाइल ज्या यंत्राची त्याच यंत्रासाठी. दुसऱ्या यंत्रासाठी एक्स्पोर्ट.

एक्स्पोर्ट चढवताना 'नो-डिफॉल्ट्स' आणि 'रन-आफ्टर-रीसेट' वापरलं. फाइलच्या पहिल्या ओळीत १५ सेकंदांचा डिले घातला, नाही तर इंटरफेस तयार होण्याआधीच स्क्रिप्ट धावते आणि मध्येच थांबते. एक्स्पोर्टमध्ये राउटरच्या वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि प्रमाणपत्रं येत नाहीत. प्रमाणपत्रं वेगळी काढली, सांकेतिक शब्द देऊन, कारण तो दिला नाही तर खासगी किल्ली फाइलमध्ये येतच नाही.

'अ' आणि 'ब' यांचं कॉन्फिगरेशन आपोआप सारखं ठेवणारी सोय इथे नाही. म्हणून लिनक्स सर्व्हर रोज दोन्ही एक्स्पोर्टची तुलना करतो. '#' ने सुरू होणाऱ्या ओळी आधी गाळाव्या लागतात, त्यांत तारीख-वेळ आणि अनुक्रमांक असतो. हक्काचे फरक, म्हणजे नाव, पत्ते आणि प्रायॉरिटी, वेगळ्या यादीत. त्याबाहेर एक ओळही वेगळी दिसली तर मेल. पहिल्याच दिवशी मेल आला: 'अ'वर वाचनालयासाठी घातलेला फायरवॉलचा एक नियम 'ब'वर नव्हता.

७ जून. ७.१९.१ वर अपग्रेड

आधी 'ब': 'कॉपी-टू', अपग्रेड, रिबूट, फर्मवेअर, रिबूट, हेल्थ आणि डिस्क तपासणी. ताबा 'ब'कडे दिला, दोन दिवस त्याच्यावरच चालवणार, मग 'अ'. दोन आवृत्त्या एकत्र असताना कॉन्फिगरेशनला हात लावायचा नाही. तुलनेच्या मेलमध्ये नव्या आवृत्तीने बदललेल्या ओळी दिसल्या, त्या तपासून यादीत घेतल्या.

९ जून

'अ' ७.१९.१ वर. ताबा 'ब'कडेच ठेवला, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी केबल खेचून अदलाबदल. 'अ'ची जुनी आवृत्ती दुसऱ्या पार्टिशनमध्ये ५ जुलैपर्यंत तशीच राहील.

१४ जून. शिल्लक

लाइन २ साठी दक्षिणेकडून वेगळा पाइप: अर्ज मंजूर, पावसामुळे खोदकाम थांबलेलं. ११० मिमी पाइप, सुमारे ६० मीटर, दोन चेंबर. दोन्ही फायबर अजून एकाच पाइपात आहेत, तेव्हा उत्तरेच्या भिंतीलगत कुठलंही खोदकाम करण्याआधी संगणक विभागाला कळवावं, अशी पाटी तिथे लावली. यूपीएस १च्या बॅटऱ्या जुन्या आहेत, भारासह चाचणी पुढच्या शनिवारी.